सफरचंदाचा केक, वर कॅरॅमल – गोडमिट्ट होऊ न देता

खलबत्ता (पुणे)

गणपती उठले की मंडईत सिमल्याच्या सफरचंदांच्या पेट्यांवर पेट्या रचलेल्या दिसतात. स्वस्त म्हणून दोन किलो घरी येतात, पहिले दोन दिवस सगळे हौसेने खातात आणि टोपलीतल्या शेवटच्या चार-पाचांकडे मग कोणी ढुंकून बघत नाही. त्यांची सोय लावायला हा केक.

पाककृतीच्या आधी थोडी कुरकुर. या केकची जी प्रमाणं सगळीकडे फिरतात ती आंबट, करकरीत सफरचंद धरून लिहिलेली असतात. आपलं लालबुंद रॉयल डिलिशस मुळातच गोड, आंबटपणा नावाला. त्यात केकमध्ये पाव किलो साखर आणि वर फिकट सोनेरी कॅरॅमल म्हणजे दुसरा घास घशाखाली उतरत नाही. म्हणून खालच्या प्रमाणात केकची साखर निम्म्याहून कमी केली आहे, लिंबू घातलं आहे, आणि कॅरॅमल चांगलं काळपट होईपर्यंत नेलं आहे. ते किंचित कडवट लागतं. लागायलाच हवं.

केकसाठी, 8 इंची गोल टिन:
मऊ झालेलं बिनमिठाचं लोणी 115 ग्रॅम, साखर 100 ग्रॅम, अंडी 2, मैदा 180 ग्रॅम, बेकिंग पावडर दीड टीस्पून, मीठ दोन चिमटी, दालचिनीची पूड 1 टीस्पून, थोडं जायफळ किसून, दूध 60 मिली, एका लिंबाची किसलेली साल आणि अर्ध्या लिंबाचा रस, सफरचंदं 3 मध्यम (सोलून, बिया काढून साधारण 400 ग्रॅम).

कॅरॅमलसाठी:
साखर 150 ग्रॅम, लोणी 50 ग्रॅम, क्रीम 100 मिली, मीठ पाव टीस्पून.

सफरचंदाच्या अर्ध्या इंचाच्या फोडी करून लिंबाचा रस चोळून ठेवा. किसू नका. किसलं की पाणी सुटतं आणि केक गिचका होतो. लोणी आणि साखर रंग फिका होईपर्यंत फेटा, अंडी एकेक करून घाला, मग चाळलेलं कोरडं साहित्य आणि दूध आलटून पालटून. मैदा पडल्यावर फेटत बसायचं नाही, उलथन्याने वरखाली करायचं. मिश्रण घट्टच राहायला हवं, चमच्यावरून धबकन पडेल इतपत. सैल झालं तर फोडी तळाशी जाऊन बसतात. फोडींना सुटलेलं पाणी निथळून शेवटी त्या मिसळा.

ओव्हन 170 डिग्रीला आधीच तापवून ठेवा. मधल्या जाळीवर 45 ते 50 मिनिटं. टूथपिक सफरचंदाच्या फोडीत घुसली तर ओलीच येणार, म्हणून दोन-तीन ठिकाणी टोचून बघा. कडा टिनपासून सुटल्या, मधोमध बोट दाबल्यावर केक परत वर आला की झाला.

आता कॅरॅमल. भांडं जाड बुडाचं, स्टीलचं आणि वाटतं त्याहून खोल घ्या. काळ्या नॉनस्टिकमध्ये रंग दिसत नाही, आणि इथे सगळा खेळ रंगाचा. मध्यम आचेवर तीनातली एक हिस्सा साखर पसरून टाका. काही वेळ काहीच होत नाही. मग कडेने ओलसर दिसायला लागते, वितळते, तिच्यावर पुढचा हिस्सा. चमचा घालायचा नाही, भांडं हलवायचं. सगळी वितळली की रंग भराभर पळतो: पिवळा, मधाळ, तांबूस. बहुतेक जण मधाळवर घाबरून गॅस बंद करतात. तिथे नुसता गोडवा असतो, वास नसतो. कोऱ्या चहाचा रंग येऊ द्या. कडेला बारीक फेस धरतो, धुराची पहिली रेघ उठते आणि वास गोड न राहता नाकात किंचित झोंबतो. त्या क्षणी गॅस बंद. लोणी टाका, मग कोमट केलेलं क्रीम बारीक धारेने. मिश्रण भांड्याच्या तोंडापर्यंत फसफसून वर येतं, तेव्हा हात आणि तोंड लांब. फेस बसला की परत मंद आचेवर दीड-दोन मिनिटं ढवळा, मीठ घाला, उतरवा. गरम असताना पातळ दिसतं, निवताना घट्ट होतं.

केक कोमट, कॅरॅमल कोमट, तेव्हाच ओतायचं. गरम केकवर ओतलंत तर सगळं खाली ताटलीत येऊन बसेल.

---

जाईजुई

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं)! दोन प्रश्न. आमच्याकडे अंडं चालत नाही, काय करू? आणि प्रमाण वाटीत सांगाल का?

---

खलबत्ता

वाटीचं अवघड आहे. तुमची आमटीची वाटी दीडशे मिलीची असेल, माझी दोनशेची. 240 मिलीचा मेजरिंग कप असेल तर मैदा दीड कप, साखर अर्धा कप, लोणी अर्धा कप. पण एक साधा डिजिटल काटा घ्याच, पुढे पावासाठीही उपयोगी पडतो.

अंड्याशिवाय: लोण्याऐवजी 100 मिली वास नसलेलं तेल, दूध आणि अंडी दोन्ही बाद, त्यांच्या जागी 200 ग्रॅम ताजं दही. मैदा 200 ग्रॅम, बेकिंग पावडर 1 टीस्पून आणि खायचा सोडा अर्धा टीस्पून. दह्याचा आंबटपणा इथे फायद्याचाच, त्यामुळे लिंबाचा रस फक्त फोडींपुरता. मिश्रण तयार झालं की लगेच ओव्हनमध्ये. दही-सोडा एकत्र आले की बुडबुडे तिथेच सुरू होतात, ते फोनवर बोलण्यात घालवायचे नाहीत.

---

उंबरठा

केकवर साखरेचा पाक ओतून खायचा तर सरळ गुलाबजाम खावेत की. चितळेंकडे रांग लावली की काम झालं, ओव्हनचं वीजबिल वाचलं.

---

खलबत्ता

उंबरठा, पाकृ न वाचता प्रतिसाद देण्याची तुमची परंपरा अबाधित आहे. 🙂 पाक आणि कॅरॅमल यांत काय फरक हेच तर वर लिहिलंय.

---

बंब

फरक खरोखरच मोठा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

पाकात साखर पाण्यात विरघळलेली असते, ती साखरच राहते. एकतारी, दोनतारी, गोळीबंद हा सगळा प्रवास साधारण 105 ते 120 डिग्रीचा, आणि त्यात बदलतं ते फक्त पाण्याचं प्रमाण. कॅरॅमलमध्ये साखर स्वतः मोडते. 160 च्या पुढे तिचे रेणू फुटायला लागतात आणि वेगवेगळ्या वासांची, रंगांची नवी द्रव्यं तयार होतात. 170-180 च्या दरम्यान खलबत्ता म्हणतात तो रंग येतो. जितकी साखर मोडली तितका गोडवा कमी आणि कडवटपणा जास्त. थोडक्यात, त्याच 150 ग्रॅम साखरेचं गडद कॅरॅमल फिकट कॅरॅमलपेक्षा कमी गोड लागतं. कमी गोड हवं म्हणून कॅरॅमलमधली साखर कमी करणारे लोक पाहिलेत. साखर तेवढीच ठेवा, ती पुढे न्या.

190 च्या वर मात्र ती नुसती जळते. तांबूस ते जळकी हे अंतर काही सेकंदांचं आहे, म्हणून क्रीम आधीच कोमट करून हाताशी हवं.

आणि सुरक्षेचं. उकळत्या पाण्यापेक्षा हे 80 डिग्रीने जास्त गरम असतं आणि कातडीला चिकटून बसतं. बोटाने चव बघायची नाही. लहान मुलं ओट्यापासून लांब. उडालंच तर वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट तर अजिबात नको.

---

मुसळधार (रत्नागिरी)

माझ्याकडे वितळता वितळता साखरेचे परत खडे होतात. पांढरी वाळू. टाकून द्यायची का?

---

बंब

टाकू नका. कोरड्या पद्धतीत खडे झाले तर आच मंद करून थांबा, तेही वितळतात. राहिलेच तर क्रीम घातल्यावर बरेचसे विरघळतात, उरलेले गाळण्याने काढायचे.

तुम्ही पाणी घालून करत असाल तर कारण वेगळं. भांड्याच्या कडेला उडालेले साखरेचे कण वाळतात, त्यातला एक जरी आत पडला की सगळी साखर त्याच्याभोवती गोळा होते. उकळी आल्यावर चमचा घालायचा नाही, कडा ओल्या ब्रशने पुसायच्या, आणि सुरुवातीलाच चार-पाच थेंब लिंबाचा रस टाकायचा. आम्लाने थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि ते मधे असले की स्फटिक जमत नाहीत. लाडवाच्या पाकात आई-आजी लिंबू पिळतात ते याच कारणाने, मळी काढायला म्हणून पिळलं तरी काम दोन्ही होतं.

---

शिशिर_ (श्टुटगार्ट)

इकडे या दिवसांत सगळ्या आठवडी बाजारांत बॉस्कोप सफरचंदं येतात. खडबडीत तपकिरी सालीची, दिसायला कुरूप, आणि इतकी आंबट की नुसती खाताना दात शिवशिवतात. जर्मन बायका केकसाठी ती शोधून घेतात. इथला घरगुती प्रकार म्हणजे 'फेरझुंकेनर आप्फेलकूखन', बुडालेल्या सफरचंदांचा केक. अर्धं सफरचंद सोलायचं, पाठीवर सुरीने एकमेकींना लागून चिरा द्यायच्या आणि अख्खं अर्धुक मिश्रणावर ठेवायचं. भाजताना केक त्याच्याभोवती फुगून वर येतो. फोडी कापायचा कंटाळा असेल तर हे करा, दिसतंही छान. कॅरॅमल त्या चिरांमधून आत उतरतं.

शेजारच्या आजी मात्र कॅरॅमल बघून भुवया उंचावतात. त्यांच्या मते सफरचंदाच्या केकवर फक्त फेटलेलं क्रीम शोभतं, तेही साखर न घालता.

भारतातल्या लोकांनी ग्रॅनी स्मिथ वापरावं. हिरवं, महाग आहे पण मिळतं.

---

रानवाट

ग्रॅनी स्मिथ कशाला, घरचं गोल्डन आहे की.

मी काही वर्षं सिमल्याला नोकरीला होतो, तिथलं थोडं सांगतो. सॅम्युएल स्टोक्स नावाचा फिलाडेल्फियाचा माणूस 1904 साली भारतात आला, कोटगढला स्थायिक झाला आणि 1916 मध्ये त्याने अमेरिकेतून डिलिशस जातीची रोपं आणून लावली. पुढे तो सत्यानंद स्टोक्स झाला, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेला. आज आपण 'सिमल्याचं सफरचंद' म्हणून जे घेतो त्याचा मोठा भाग त्या डिलिशसच्याच गोतावळ्यातला. त्याआधी ब्रिटिशांनी आंबट जाती लावल्या होत्या, पण आपल्या लोकांना त्या आवडेनात. आपल्याला फळ गोडच लागतं. म्हणजे खलबत्तांच्या कुरकुरीचं मूळ तिथे आहे.

आता गोल्डन डिलिशस. लाल डिलिशसच्या झाडांना फळ धरायला दुसऱ्या जातीचे परागकण लागतात, म्हणून बागांमधून मधेमधे गोल्डनची झाडं असतात. फळ पिवळट हिरवं, त्यामुळे बाजारात लालइतका भाव नाही. पण भाजल्यावर आकार टिकतो, चव राहते. लाल डिलिशस भाजलं की साल कडू आणि आत लगदा. फळवाल्याकडे पिवळं मागा. जरा हिरवट झाक असलेलं घ्या, ते जास्त आंबट.

आणि फेब्रुवारीनंतर हा केक करू नका. शीतगृहातून आलेलं सफरचंद बाहेरून चकाचक, आतून पिठूळ निघण्याची शक्यता जास्त.

---

जाईजुई

पिवळी माझा फळवाला 'कच्ची' म्हणून बाजूला काढून ठेवतो! आता मागून घेते.

---

पोळपाट (कोल्हापूर)

साखरेऐवजी गूळ घालून कॅरॅमल केलं तर? आमच्याकडे गुळाला तोटा नाही.

---

खलबत्ता

करता येईल, पण ते कॅरॅमल नव्हे. गुळाची स्वतःची चव इतकी ठसठशीत की सफरचंद मागे पडतं. आणि गूळ लवकर करपतो, त्याला तांबूसपर्यंत न्यायचा प्रयत्नच करू नका. तो आधीच तांबूस आहे.

---

बंब

शिवाय क्रीम फाटेल. गुळात आम्ल असतं. गुळाच्या खिरीत आपण दूध कधी घालतो? सगळं निवल्यावर. इथेही तेच. गूळ आणि लोणी वितळवून एक बुडबुडा आला की उतरवायचं, कोमट झाल्यावर क्रीम. थोडा सैल सॉस होईल, खायला मस्त. सुंठ घाला दालचिनीऐवजी.

---

पोळपाट

सुंठ! हे पटलं. करून झब्बू (उत्तरादाखल माझा केक) देते.

---

माडाची सावली (मडगाव)

गडद रंगाची भीती घालवायची असेल तर आमच्या नाताळच्या केककडे बघा. फ्रूट केकला काळा रंग येतो तो जाळलेल्या साखरेचा. साखर कोऱ्या चहाच्याही पुढे, जवळजवळ काळी होऊ देतात, मग त्यात गरम पाणी घालतात (लांब उभं राहून!) आणि ते पातळ कडवट काळं पाणी मिश्रणात. चमचाभर तसंच चाखलं तर तोंड वाकडं होतं, केकमध्ये मात्र त्याच्याशिवाय चव येत नाही. सफरचंदाच्या केकच्या मिश्रणातही दोन चमचे घालून बघा. दुधातून तेवढं कमी करा.

---

उंबरठा

हे मात्र ऐकायला बरं वाटतंय. रम घालता का त्यात?

---

माडाची सावली

गोव्याच्या माणसाला हे विचारता? 😄 मनुका-बेदाणे आधीच रममध्ये भिजवलेले असतात.

---

तिखटमीठ

मिठाबद्दल कोणीच बोलत नाहीये. पाव टीस्पून कमी आहे, चमचा शीग लावून भरा. चिमूटभर मिठाने गोडाची धार बोथट होते हे शिऱ्यापासून सगळीकडे आपण वापरतोच. खारट कॅरॅमलची फॅशन आली ती फ्रान्सच्या ब्रिटनी भागातून. तिथे लोणी पूर्वापार खारट, कारण जुन्या काळी बाकी फ्रान्सवर मिठाचा जबरी कर होता आणि ब्रिटनीला त्यातून सूट होती. आँरी ल रू या मिठाईवाल्याने 1977 च्या सुमारास किब्रों गावात खारट लोण्याचं कॅरॅमल करून विकायला सुरुवात केली, आणि आज ते कॉफीच्या दुकानापासून आइसक्रीमपर्यंत सगळीकडे आहे.

आपल्याकडे सोय अशी की अमूलचं पिवळं लोणी खारटच असतं. कॅरॅमलमध्ये तेच वापरलं तर वरून मीठ घालण्याआधी चव बघा (गार करून!). घरचं पांढरं लोणी मात्र या कामाला नको, त्यात ताकाचा अंश आणि पाणी जास्त, तापल्या साखरेत पडलं की तडतडून अंगावर येतं.

---

नवशिका_बेकर

माझा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) छोटा आहे. वरून केक करपतो आणि आत पीठ कच्चं. आणि क्रीम म्हणजे कुठलं? घरची साय चालेल?

---

खलबत्ता

छोट्या ओटीजीत टिन वरच्या कांडीच्या फार जवळ जातं. जाळी एक घर खाली घ्या, तापमान 160 करा, वेळ दहा-पंधरा मिनिटं वाढवा. पस्तीस मिनिटांनी वर फॉइल नुसती ठेवून द्या, घट्ट गुंडाळू नका. आणि शक्य असेल तर ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर घ्या. बटणावरचे आकडे आणि आतलं तापमान यांचं पटतंच असं नाही. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर पंख्यामुळे 160 पुरतं.

क्रीम टेट्रापॅकमधलं, 25 टक्के फॅटचं चालतं. वापरण्याआधी पाकीट हलवू नका, वरचं घट्ट घ्या. सायीने चव छान येते पण रवाळ होतं. घ्यायचीच तर ताजी, आंबूस न झालेली, मिक्सरमधून एकदाच फिरवून. जास्त फिरवलीत तर लोणी निघेल, मग पोळीला लावा.

---

मुसळधार (रत्नागिरी)

केक केला. गोल्डन मिळालं नाही, लालच वापरलं, लिंबू दुप्पट केलं. चव उत्तम! रंग न घाबरता चहापर्यंत नेला. पण दुसऱ्या दिवशी कॅरॅमलला पाणी सुटून केकच्या कडेने ओघळ आले. इथे अजून पाऊस आहे, त्याचा परिणाम?

---

बंब

हो. कॅरॅमल हवेतलं पाणी ओढून घेतं, कोकणातल्या सप्टेंबरात तर हमखास. खालून सफरचंदाचाही ओलावा येतो. दोन उपाय. एक म्हणजे क्रीम घातल्यावर मंद आचेवर आणखी दोन मिनिटं आटवा, थर्मामीटर असेल तर 108 डिग्रीपर्यंत. दुसरा आणि जास्त खात्रीचा: सगळ्या केकवर ओतूच नका. कॅरॅमल बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, पंधरा दिवस सहज राहतं. बाटली गरम पाण्यात उभी करून सैल करायचं आणि ज्याच्या त्याच्या तुकड्यावर वाढायचं.

---

शिशिर_ (श्टुटगार्ट)

+1. केकही दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, दालचिनी मुरते. पण दोन दिवसांच्या वर बाहेर ठेवू नका, ओल्या फोडींमुळे बुरशी लवकर धरते. फ्रिजमधून काढल्यावर खाण्याआधी तासभर बाहेर ठेवा, लोण्यामुळे दगड होतो.

---

जाईजुई

वाखु (वाचनखूण) साठवली. ओव्हन नसलेल्या जावेसाठी एक शेवटचं: कुकरमध्ये होईल का?

---

खलबत्ता

होईल. शिट्टी आणि रिंग काढा, तळाला मीठ पसरून त्यावर तिवई, झाकण लावून दहा मिनिटं तापवा, मग मंद आचेवर 55 मिनिटं ते तासभर. दह्याचंच प्रमाण वापरा. वरून रंग येणार नाही, पण वर कॅरॅमल असल्यावर बघतंय कोण. आणि कुकर ॲल्युमिनियमचा जुनाच घ्या, नव्याचं बूड काळं पडलं की जाऊबाई माझं नाव घेतील.

---

पोळपाट (कोल्हापूर)

हा घ्या झब्बू. गूळ-सुंठीचा. गूळ कोमट झाल्यावरच क्रीम घातलं, फाटलं नाही. सासरे म्हणाले, सफरचंद काढून यात केळं घालून बघ. नवीन धागा काढू का?